जर्मनीत फी नाही, मग खर्च कशाचा?

'जर्मनीत शिक्षण फुकट आहे' असे आपले अनेक दुकानदार व कारागीर बांधव ऐकून असतात. हे अर्धेच खरे आहे. मुलाला पाठविण्यापूर्वी धंद्यातला हिशोब येथेही मांडावा, असे आम्हांस वाटते.

१) फी : बहुतेक सरकारी विद्यापीठांत पदवीसाठी शिक्षण शुल्क नाही, सहामाही वर्गणी मात्र भरावी लागते. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना सहामाहीला १,५०० युरो फी आहे.

२) भांडवल : खरी अडचण येथे आहे. व्हिसासाठी सहसा वर्षाच्या राहणीची रक्कम 'ब्लॉक्ड अकाउंट'मध्ये आधीच भरावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो, म्हणजे दहा लाख रुपयांहून अधिक आहे. ही फी नव्हे. त्यातून मुलाला दरमहा ९९२ युरो मिळतात आणि घरभाडे, जेवण, विमा त्यातच भागवायचे असते.

३) प्रवेश : नुसत्या बारावीवर थेट प्रवेश सहसा मिळत नाही. येथे पदवीचे एखादे वर्ष पूर्ण करावे, किंवा तेथील पूर्वतयारीचा वर्ग करावा लागतो. पदवीचे बरेचसे शिक्षण जर्मन भाषेतच असते. शिवाय २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना कागदपत्रांच्या पडताळणीचे एपीएस प्रमाणपत्र लागते.

'तिकडे कमवून भागवील' या भरवशावर राहू नये. पैसे जाण्याआधी दाखवायचे असतात. मालाच्या खरेदीची रक्कम उचलून खात्यात भरली, तर दुकान बसते. मुलगा दहावीत असतानाच वेगळी बचत सुरू करावी आणि त्याला जर्मन शिकवावी.