दहा टक्के कशावर?

चाकणच्या एका कारखान्यात सीएनसी मशीन चालवणारा मुलगा आई-वडिलांसोबत माझ्यासमोर बसला होता. मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करतोय. नाईट करून थेट आलेला, डोळे लाल. बोलणं वडिलांनीच सुरू केलं, "सर, क्लास लावू का? फीचं बघतो मी. पण याला अकाउंट्स कळलं पाहिजे."

"नेमकं काय अडतंय?" मी मुलाला विचारलं.

"सगळंच."

वही मागितली. घसाऱ्याचं गणित होतं. मशीन दहा लाखांचं, घसारा दहा टक्के, घटत्या शिल्लक पद्धतीने. पहिल्या वर्षी एक लाख लिहिले होते, बरोबर. दुसऱ्या वर्षी पुन्हा एक लाख, आणि तिथून पुढची दोन पानं चुकत गेलेली. मशीनची किंमत आता नऊ लाख उरली, म्हणजे घसारा नव्वद हजार. ‘सगळंच’ अडलेल्या मुलाची शंका पाच शब्दांची निघाली: दुसऱ्या वर्षी दहा टक्के कशावर?

याला क्लास लागत नाही. पाच मिनिटं मोकळा असलेला, विषय जाणणारा माणूस लागतो. तो त्याला पुढच्याच आठवड्यात कंपनीतच भेटला. अकाउंट्स विभागातल्या एका काकांनी चहाच्या सुट्टीत बिलाच्या पाठीमागे उरलेलं गणित सोडवून दाखवलं. ज्या मशीनवर हा रोज आठ तास उभा असतो, त्याच मशीनचा घसारा ते वर्षानुवर्षं लिहीत आले होते.

घरून शिकणाऱ्या मुलांना व्हिडिओंची कमतरता नाही. भोसरी, तळवडे, महाळुंगेकडे जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये डोकावून पाहा. कानात हेडफोन, मोबाइलवर लेक्चर चालू, आणि मोशी यायच्या आत मुलगा गाढ झोपलेला. लेक्चर पुढे आपलं आपण चालत राहतं. कॉलेजात शेजारच्या बाकावर विचारता येतं, इथे शेजारचाही झोपलेला असतो. म्हणून शंका वहीत लिहायची, तीही ‘हे प्रकरण कळलं नाही’ अशी नाही, तर कुठल्या ओळीपर्यंत कळलं आणि कुठे गाडी अडली, अशी.

आणि ती विचारायची कुठे? सगळ्यात आधी अभ्यासकेंद्रावर, कारण त्याचे पैसे प्रवेश घेताना भरलेलेच असतात. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली सुरू झालं, इग्नू 1985 साली. दोघांची रचना अभ्यासकेंद्रांवर उभी आहे आणि तिथे संपर्क सत्रं होतात. ती बहुधा रविवारी. आपल्या पट्ट्यात गोची अशी की अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. मग मुलं केंद्राचं तोंड फक्त परीक्षेचा फॉर्म भरताना पाहतात. वेळापत्रक हातात आल्याबरोबर सुपरवायझरशी बोलून महिन्यातले एक-दोन रविवार बदलून घ्या. सत्र सुरू झाल्यावर आदल्या दिवशी सुट्टी मागणाऱ्याला नकारच मिळतो.

इग्नूच्या बहुतेक अभ्यासक्रमांत 30 टक्के गुण असाइनमेंटला असतात, 70 टक्के सत्रांत परीक्षेला, आणि दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. काही झेरॉक्सच्या दुकानांत ‘तयार असाइनमेंट’ मिळते, ती उतरवून देणाऱ्याला गुण कदाचित मिळतीलही. पण तपासनिसाने समासात केलेला शेरा हीच या शिक्षणातली खरी शिकवणी असते, आणि ती फुकट जाते. तपासलेल्या असाइनमेंट केंद्रातून परत मागून आणा. मोबाइलवरच्या एआयला विचारायलाही माझी हरकत नाही. मात्र गणित आधी स्वतः सोडवा, मग ‘माझी चूक कुठल्या ओळीत आहे’ असं विचारा आणि आलेलं उत्तर पुस्तकाशी ताडून पाहा. ते चुकीचं उत्तरही ठासून सांगतं.

फुकट मिळणाऱ्या चांगल्या गोष्टींत ‘स्वयम्’ आहे, 2017 पासून. आयआयटींच्या एनपीटेलचे अभ्यासक्रम त्यावर आहेत. शिकायला पैसे नाहीत, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तरच शुल्क. प्रत्येक अभ्यासक्रमाला शंका विचारायचा चर्चामंच असतो, तो मुलं उघडतच नाहीत. इग्नूची पुस्तकं ‘ई-ज्ञानकोश’वर खुली आहेत. परीक्षा इंग्रजीतून देणार असाल तरी नाशिकच्या विद्यापीठाचं मराठी पुस्तक एकदा वाचा. ‘घसारा’ कळला की ‘डेप्रिसिएशन’ची भीती उरत नाही.

पालकांसाठी एक गोष्ट जरा कडक सांगतो. ‘घरबसल्या डिग्री, पास होण्याची हमी’ असले फलक कुठे दिसले तर तिथे पैसे देऊ नका. अभ्यासक्रमाला यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण ब्युरोची मान्यता आहे का, ते त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. मान्यता असेल तर ती पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, हे यूजीसीने 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. इंजिनिअरिंगचं मात्र वेगळं. तांत्रिक पदव्यांची अशी दूरस्थ दुकानदारी सर्वोच्च न्यायालयाने 2017 च्या निकालात अडवली. डिप्लोमा करून कंपनीत लागलेल्यांसाठी एआयसीटीईने 2023-24 पासून नोकरदारांना सोयीच्या वेळेचे वर्ग चालवायला महाविद्यालयांना परवानगी दिली आहे. जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जाऊन चौकशी करा.

शिकवणी लावूच नये असं नाही. कॉस्टिंग किंवा संख्याशास्त्रासारखा एखादा विषय सलग महिनाभर अडला, तर त्या एका विषयापुरती लावा. आणि शिकवणाऱ्याने शिफ्ट बदलली की वेळ बदलून दिली पाहिजे, नाहीतर फी भरूनही मुलगा गैरहजरच राहणार.

निघताना आईने विचारलं, "आम्ही घरी काय करायचं?"

"गुरुवार याचा याला द्या. नाईट असेल तर आधी झोपू द्या, पाहुणे आले तरी उठवू नका. दुपारचे तीन तास अभ्यासाचे. त्या दिवशी दुरुस्तीसाठी वीज जाते बऱ्याचदा, मोबाइल आदल्या दिवशीच चार्ज."

"भाजी आणि गॅसचं मी बघते," आई म्हणाली.

वडील जरा घुटमळले. "सर, येत्या गुरुवारी मेहुणीच्या मुलीचा साखरपुडा आहे. राजगुरुनगरला."

मुलगा पहिल्यांदाच हसला. "तुम्ही जाऊन या पप्पा. माझ्या वाटणीचं जेवण डब्यात आणा."