पोटदुखीचे मूळ कॉमेंटमध्ये

काही दिवसांपूर्वी जऊळका परिसरातील एक गृहस्थ आपल्या सतरा वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. "डॉक्टरसाहेब, आठ रोज झाले, पोट्टं धड जेवत नाही जी. पोट दुखते म्हणते अन् रात्रभर जागते," अशी तक्रार. पोट तपासले, मऊ होते. ताप नाही, उलटी-जुलाब नाही. आम्लपित्ताची गोळी लिहून मोकळे होता आले असते. खरे सांगायचे तर लिहायला घेतलीही होती. तेवढ्यात मुलाच्या खिशातला मोबाइल वाजला आणि त्याचा चेहरा पार उतरला. वडिलांना बाहेर बसवून विचारपूस केली, तेव्हा उलगडा झाला.

हा मुलगा मोबाइलवरील खेळांची परीक्षणे करणारे व्हिडिओ बनवून यूट्यूबवर टाकतो. कोणता खेळ स्वस्त फोनवर नीट चालतो, कोणता अडखळतो, कशात जाहिरातींचा भडिमार आहे, हे तो आपल्या वऱ्हाडी बोलीत सांगतो. एका व्हिडिओखाली चाळीसएक प्रतिक्रिया आल्या. बहुतेक चांगल्या होत्या. त्यांतली एकही त्याला आठवत नव्हती. "आधी मराठी बोलायला शिक" ही, आणि त्याच्या बोलण्याची टिंगल करणाऱ्या आणखी दोन, मात्र त्याने मला शब्दन् शब्द म्हणून दाखवल्या.

वडिलांचे म्हणणे, "हे गेमचं व्यसन आहे." वाचकहो, इथे घाई करू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या, 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात खेळांच्या व्यसनाची नोंद आहे हे खरे. पण खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी सर्व मागे पडणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, अशी लक्षणे साधारणपणे वर्षभर दिसली तरच ते निदान करतात. हा मुलगा खेळत फारसा नव्हताच. तो रात्री दोन-दोन वाजेपर्यंत प्रतिक्रिया पुन्हा पुन्हा वाचत होता. दुखणे वेगळे, उपायही वेगळा.

चाळीसांतल्या तीनच का टोचाव्यात? वाईट अनुभवाचा ठसा चांगल्यापेक्षा खोल उमटतो, हा मनाचा स्वभावच आहे. बाउमायस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली अनेक संशोधने एकत्र तपासून हाच निष्कर्ष मांडला. दोन वर्षांनी अमेरिकेत एक गमतीदार प्रयोग झाला, आणि तोही खेळाचाच. मेंदूचे चित्र घेणाऱ्या यंत्रात झोपलेल्या माणसांना संगणकावर चेंडू फेकण्याचा साधा खेळ दिला. थोड्या वेळाने इतर दोघे "खेळाडू" त्यांना चेंडू देईनासे झाले. तेव्हा शारीरिक वेदनेशी संबंधित समजला जाणारा मेंदूचा एक भाग जास्त काम करताना दिसला. त्या निष्कर्षाच्या अर्थावर पुढे शास्त्रज्ञांत वाद झाले. पण अपमान जिव्हारी लागतो हे सांगायला आपल्याला यंत्र कशाला हवे!

मनाला धोका वाटला की शरीर लढायच्या तयारीला लागते. अॅड्रिनलिन वाढते, छाती धडधडते, पचन मंदावते. मेंदू आणि आतडी नसांनी जोडलेली असल्याने पोटात कळ येते. ही कळ खरी असते, मूल सोंग करत नसते. त्यात जागरण. या वयाला रात्री आठ ते दहा तास झोप लागते. हा चार-पाच तासांवर आला होता.

औषध म्हणून मी त्याला एक वही करायला सांगितली. पानाच्या एका बाजूला कामाविषयीची प्रतिक्रिया लिहायची, दुसऱ्या बाजूला माणसाविषयीची. पुढल्या खेपेला वही आणली, त्यात डावीकडे एक वाक्य होते: "पंख्याच्या आवाजात तुझं काही ऐकू येत नाही." ही टीका कडू आहे, पण उपयोगाची आहे. बोलीची थट्टा उजवीकडे गेली. तिच्यात सुधारण्यासारखे काही नाही, कारण वऱ्हाडी बोलणे हा दोषच नाही. त्याच्या परीक्षणाचा गुण म्हणाल तर तोच आहे, असे माझे मत.

प्रतिक्रिया दिवसातून एकदाच, संध्याकाळी जेवणापूर्वी वाचायच्या. उत्तर त्या दिवशी द्यायचे नाही. रात्री मोबाइल आईवडिलांच्या खोलीत ठेवायचा. शिवीगाळ करणाऱ्याला आपल्या चॅनेलवरून लपवता येते, ठरावीक शब्द अडवताही येतात. तसे करणे म्हणजे पळून जाणे नव्हे. खुद्द यूट्यूबने नोव्हेंबर 2021 मध्ये नापसंतीचा आकडा प्रेक्षकांपासून लपवला, त्याचे एक कारण छोट्या चॅनेलांवर ठरवून होणारे असे हल्लेच होते. मात्र व्हिडिओ करणाऱ्याला तो आकडा अजूनही दिसतो, म्हणून तो सारखा उघडून पाहू नये.

पालकांनी "कशाला हवेत ते धंदे, बंद कर" म्हणून मोबाइल हिसकावू नये. मग मूल पुढच्या वेळी सांगतच नाही. आठवड्यातून एखादा व्हिडिओ सोबत बसून पाहावा. या वडिलांनी पाहिला. "याला इतकं बोलता येते, मले माहीतच नव्हतं," म्हणाले. मुलाची झोप परतली आहे. पोट अधूनमधून दुखते, नवा व्हिडिओ टाकल्याच्या दिवशी विशेष. तो आता पंखा बंद करून, घामाने निथळत बोलतो.

काही खुणा दिसल्या तर मात्र वाट पाहू नये. मूल मित्रांना टाळू लागले, शाळा-कॉलेज सोडू पाहू लागले, स्वतःला इजा करू लागले किंवा "मी नसलो तर बरं" असे बोलू लागले, तर त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. धमक्या येत असल्यास त्या पुसून न टाकता पोलिसांना दाखवाव्यात. 'टेली मानस' ही शासनाची मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. तिचा क्रमांक 14416. चोवीस तास, मराठीतूनही बोलता येते.