अर्धी राहिलेली गोधडी पुरी करताना

गोधडी अर्धी का राहते, याची कारणं घरोघरी तीच असतात. शिवणारीची नजर मंद होते, गुडघे धरतात, बदलीचं गाव येतं, नाहीतर ती जातेच. मग ते काम ट्रंकेत किंवा माळ्यावर पडून राहतं. पुष्कळ वर्षांनी लेक किंवा सून ते बाहेर काढते आणि म्हणते, "ताई, आईच्या हातचं आहे. एवढं पुरं करून द्याल का?"

हाताने शिवण्यात मला जे जे आवडतं, त्यात हे काम सगळ्यात वर आहे. आपली नवी गोधडी शिवतानाही मन रमतं. पण दुसरीची पुरी करताना तिच्या मांडीला मांडी लावून बसल्यासारखं वाटतं, मग ती बाई आपण कधी पाहिलेली असो वा नसो. या कामाची शिस्त मात्र वेगळी आहे. ती पाळली नाही तर गोधडी पुरी होते आणि जिच्यासाठी पुरी करायची, तीच तिच्यातून निघून जाते.

सुई धरण्याआधी

करावं: गोधडी जमिनीवर पूर्ण पसरून, दिवसाउजेडी, दोन्ही बाजूंनी पाहावी. शिवण कुठून सुरू झाली ते शोधावं. देशावरच्या पुष्कळ गोधड्या बाहेरच्या कडेपासून आत, चौकोनात चौकोन अशा शिवत नेतात. काही घरांत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ ओळी घालतात. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी बायकांची गोधडी, म्हणजे कवंदी, कोपऱ्यापासून निघते, कडेकडेने फिरत मध्यावर येऊन संपते, आणि तिचे तुकडेही शिवता शिवताच जोडले जातात. (सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले, त्यांतल्या अनेकांची वाट पोर्तुगीजांच्या गोव्यातून गेली.) अशी कवंदी समोर आली, तर आपल्या सवयीने तिच्यावर आडव्या ओळी ओढू नयेत. ती ज्या दिशेने चालली होती, त्याच दिशेने चालावं. महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर गीता खंडेलवाल यांचं स्वतंत्र पुस्तक आहे. मिळालं तर जरूर पाहावं, नजर तयार होते.

करावं: काहीही हलवण्याआधी फोटो काढावेत. सोबत आलेले सुटे तुकडे, दोऱ्याचं रीळ, कागदावरची खूण, सगळं एका पिशवीत ठेवावं. उरलेली चिंधीसुद्धा परत द्यायची असते.

करावं: विचारावं. कुणी शिवायला घेतली, कुणासाठी, कुठलं कापड कुणाचं. लेक सांगू लागते: हा आजीच्या चंद्रकळेचा तुकडा, हे बाबांचं धोतर, ही माझ्या शाळेच्या गणवेशाची पट्टी. हे ऐकायला वेळ ठेवावा, घाई करू नये. कुठला तुकडा झाकायचा नाही, ते इथेच कळतं. गेलेल्या माणसाचे कपडे गोधडीत घालावेत की नाही, याबद्दल प्रत्येक घराची भावना वेगळी असते. त्यांना स्पष्ट विचारावं, आपण ठरवू नये.

टाळावं: आल्या आल्या धुणं. अर्धवट शिवलेल्या गोधडीचे आतले थर मोकळे असतात. पाण्यात ते गोळा होतात आणि मग पुन्हा सरळ बसत नाहीत. आधी तिला ऊन दाखवावं, रंग उडू नये म्हणून उलटी बाजू वर करून. डांबरगोळ्यांचा वास चार दिवस वाऱ्यावर ठेवला की कमी होतो. धुणं शेवटचा टाका पडल्यावर.

टाळावं: "हे जुनं झालंय, वरून नवं कापड लावून देऊ का?" असं म्हणणं. ती माणसं नवं कापड मागायला आलेली नसतात.

कापड आणि दोरा

करावं: भर कमी पडत असेल तर सुती, जुनं, खूप धुतलेलं कापड घालावं. त्यासाठी सुती नऊवारी लुगड्याला तोड नाही. वर्षानुवर्षं धुऊन त्याचं सूत मऊ पडलेलं असतं, सुई त्यातून न अडखळता जाते, आणि एका लुगड्याची चौघडी घातली की एकेरी अंथरुणाच्या लांबीचे चार थर मिळतात. जरीचा काठ असेल तर काढून घ्यावा, तो आत टोचतो. नवं कापड लावायचंच असेल तर आधी धुवावं, म्हणजे आटायचं ते आधीच आटेल.

टाळावं: टेरिकॉट, नायलॉन, जॉर्जेट. घाम शोषत नाहीत, थरांतून निसटतात, आणि चुलीची ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटतात. मात्र तिने स्वतःच एखादा नायलॉनच्या साडीचा तुकडा लावला असेल, तर तो काढू नये. तो तिला आवडला म्हणून तिथे आहे. त्याच्या कडेने टाके जरा जवळ घालावेत, एवढंच.

करावं: लाल, काळं, गडद निळं कापड ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावं. फडक्याला रंग लागला तर ते कापड वेगळं धुऊन घ्यावं, तोवर आत घालू नये.

टाळावं: मिठाच्या पाण्यावर विसंबणं. सुटणारा रंग मिठाने पक्का होत नाही.

करावं: दोरा सुतीच घ्यावा, आणि कापडाहून जास्त मजबूत नको. ही गोष्ट मी शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला पहिल्या दिवशी सांगते. गोधडीला ताण बसणारच. पोरं ओढतात, धुताना पिळली जाते. अशा वेळी दोरा तुटला तर पुन्हा घालता येतो. नायलॉनचा दोरा तुटत नाही, तो जुन्या लुगड्याला कापत जातो, आणि फाटलेलं लुगडं परत मिळत नाही.

टाका

करावं: आधी वेगळ्या फडक्यावर तिचा टाका घालून पाहावा. एखादीचा धावदोरा तांदळाच्या दाण्याएवढा, एखादीचा बोटाच्या पेराएवढा. कुणी दोन रांगांत एक बोट अंतर ठेवतं, कुणी दोन. या मापात हात बसला, मगच गोधडीवर जावं. टाके पाहता पाहता बाई कळू लागते. डावखुरी होती का, दोरा पुरवून वापरायची का, शिवताना कुणी मध्येच हाक मारली का. एका गोधडीत मी पाहिलं होतं, कडेचे टाके बारीक आणि एकसारखे, आणि आत येता येता ते लांब होत गेलेले, रांगा एकमेकींत शिरलेल्या. घरच्यांनी सांगितलं, शेवटी शेवटी आजीला दिसत नव्हतं, तरी शिवायची. तेवढा भाग उसवून नीट करून द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. मी नकार दिला. त्या वाकड्या रांगा तिने न दिसता घातल्या होत्या. त्या गोधडीत त्याहून मोलाचं काही नव्हतं. त्यांच्या शेजारून सरळ रांग नेली, तशीच पुरी केली. आता घरात येणाऱ्या प्रत्येकाला तोच भाग दाखवतात.

टाळावं: उसवणं. थर सुटत असतील तर तिच्या दोन टाक्यांच्या मधून आपला टाका घालावा, तिचा काढू नये. दोरा कुजून तुटलेला असेल, तर त्याच भोकांतून नवा दोरा न्यावा.

करावं: तिच्या शेवटच्या रांगेशी समांतर, तिचा दोरा जिथे थांबतो त्याच्या दोन बोटं अलीकडून आपली सुरुवात करावी, म्हणजे तिचं टोक आपल्या टाक्यांत धरलं जातं. आणि तिच्या दोऱ्याचं टोक सुईत ओवता येईल इतकं लांब असेल, तर तोच ओवावा. संपेपर्यंत त्यानेच शिवावं. चार टाके होतात, कधी सहा. एवढ्या वेळात तिने ओढलेल्या दोऱ्याला पुढे मी ओढलेलं असतं. या कामात मला याहून प्रिय काही नाही.

टाळावं: तिच्या टाक्याची हुबेहूब नक्कल. दिशा तिची ठेवावी, अंतर तिचं ठेवावं, टाका आपला असू द्यावा. मुद्दाम वाकडं शिवून आपला हात लपवला, तर तिचा खरा हात कुठे संपला हे घरच्यांना कधीच कळणार नाही.

टाळावं: मशीनची टीप. जुन्या कापडाला सलग भोकं पडतात आणि त्या रेषेवरच ते फाटतं. शिवाय टीप घातलेली गोधडी ताठ होते. ऊब थरांच्या मधल्या हवेत असते. म्हणूनच हाताने शिवतानाही फार दाट जाऊ नये. फार विरळही नको, धुण्यात आतलं कापड गोळा होईल.

बसताना

करावं: जमिनीवर पसरून, कोपऱ्यांवर वजन ठेवून, मधून बाहेरच्या दिशेने वीतभर अंतरावर कच्चे टाके घालून घ्यावेत. मधल्या बोटाला अंगुस्तान. दोरा हातभरच, लांब घेतला की गुंततो आणि प्रत्येक ओढीला विरतो. उजव्या हाताने शिवणारीने उजेड डावीकडून घ्यावा.

करावं: एक रांग झाली की तळहात फिरवावा. सुरकुती डोळ्याआधी हाताला सापडते. आणि तळहाताखाली टाक्यांनी उठलेली ती बारीक लाट जाणवते तेव्हा जे सुख होतं, ते ज्यांनी शिवलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

टाळावं: दोघींनी समोरासमोर बसून एकमेकींकडे शिवत येणं. मध्ये कापडाचा फुगा येतो. शेजारी बसावं, एकाच बाजूने पुढे जावं. गप्पाही शेजारूनच बऱ्या होतात.

टाळावं: टाचण्या लावून ठेवून देणं. पावसाळ्यात गंजतात. तिने टोचून ठेवलेली सुई गंजून अडकली असेल तर झटका देऊ नये, हलकेच फिरवत काढावी. गंजाचा डाग राहिला तर राहू द्यावा.

कड आणि नाव

करावं: कड आधी झिजते, म्हणून गोट रुंद लावावा आणि कोपऱ्यात दोनदा टाके घ्यावेत. मागच्या बाजूला कोपऱ्यात धाग्याने तिचं नाव घालावं, पुरी झाल्याचं साल घालावं. सुरू केल्याचं साल घरच्यांना नक्की ठाऊक असेल तर तेही. आपलं नाव त्यांनी म्हटलं तरच, तिच्या नावाखाली.

टाळावं: बाळंतविड्यातल्या दुपट्यावर टिकल्या, आरसे, मणी, बटणं, सुटे गोंडे. बाळ तोंडात घालतं. आजीने लावलेले असतील तर घरच्यांना कारण सांगून काढावेत आणि त्यांच्या हातात द्यावेत. न उसवण्याचा नियम इथे लागू नाही.

पैसे

करावं: आधी बोलावं. दोरा किती लागेल, किती आठवडे जातील, किती घेणार, सगळं कागदावर. हाताने शिवायला किती वेळ लागतो हे न शिवणाऱ्याला ठाऊक नसतं, ते सांगण्यात संकोच नको. दुःखात असलेल्या घराकडून पैसे कसे मागायचे, असं अनेकींना वाटतं. मला वाटतं, मोबदला ठरलेला असला की काम वेळेवर होतं आणि कुणी कुणाच्या उपकारात राहत नाही. गावोगाव फिरून गोधड्या शिवून देणाऱ्या बायकांच्या कष्टांना नेहमीच कमी दाम मिळाला. आपण तोच कित्ता चालवू नये.

टाळावं: "होईल तेव्हा देईन." तिची गोधडी आधीच एकदा अर्धी राहिली आहे.

परत देताना

करावं: धुण्याची रीत समजावून सांगावी. गार पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही, दाबून पाणी काढायचं. ओली गोधडी फार जड होते. एका दोरीवर टांगली तर तिच्याच वजनाने टाके तुटतात, म्हणून दोन-तीन दोऱ्यांवर आडवी किंवा खाटेवर पसरून वाळवावी.

टाळावं: "जपून ठेवा" असं सांगणं. कपाटात ठेवलेली गोधडी घडीवर विरते. अंगावर घ्या, म्हणावं. फाटली तर आणा, ठिगळ लावून देईन.

घटस्थापनेआधी घरातली अंथरुणं-पांघरुणं धुवायला काढाल, तेव्हा माळाही पाहा. अर्धी शिवलेली गोधडी सापडली तर बोहारणीला देऊ नका. तिला ऊन दाखवा, कुठलं कापड कुणाचं ते घरातल्या थोरांना विचारून लिहून ठेवा, आणि हाताने शिवणाऱ्या एखाद्या बाईकडे घेऊन जा.