कॅमशाफ्ट सर्वांत शेवटी निवडा

जुन्या अमेरिकन मसल कारचं इंजिन खोलून नव्याने बांधायचं ठरलं की बहुतेक हौशी लोक पहिली खरेदी कॅमशाफ्टची करतात. त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीचा तो अडखळत, धडधडत येणारा आवाज ही या गाड्यांची ओळख होऊन बसली आहे, आणि तो आवाज कॅमशाफ्टमुळे येतो. पण गाडी शर्यतीच्या ट्रॅकसाठी नसेल, रविवारी कुटुंबाला घेऊन फिरायची असेल, तर हा क्रम उलटा करावा असं माझं ठाम मत आहे. कॅमशाफ्ट ही इंजिनकामातली शेवटची निवड असायला हवी. त्याआधी कॉम्प्रेशन, मागच्या एक्सलचं गुणोत्तर, गिअरबॉक्स आणि ब्रेक या चारही गोष्टी कागदावर आकड्यांत उतरलेल्या असाव्यात. जे इंजिन नवं करूनही जुन्यापेक्षा मंद वाटतं, त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा हा चुकलेला क्रम असतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या ज्या मराठी मंडळींनी गॅरेजमध्ये अशी एखादी गाडी हौसेने आणून ठेवली आहे, त्यांनी सुटे भाग मागवण्याआधी हे वाचावं, एवढीच इच्छा.

उदाहरण म्हणून शेवरोलेचं 350 घन इंचाचं, म्हणजे 5.7 लिटरचं व्ही-8 घेऊ. 1955 साली 265 घन इंचांपासून सुरू झालेल्या ‘स्मॉल ब्लॉक’ घराण्यातलं हे इंजिन 1967 च्या कॅमॅरोत पहिल्यांदा आलं, आणि आजही ते भरपूर बांधलं जातं. मोठ्या कॅमशाफ्टची बाजू घेणारे इथे याच 350 च्या 1970 मधल्या एलटी-1 आवृत्तीचा दाखला देतात: कारखान्यातूनच आलेला मोठा कॅम, आणि कॉर्व्हेटमध्ये 370 अश्वशक्ती. दाखला खरा आहे, पण अर्धाच सांगितला जातो. कॅमवर टेकणारा टॅपेट 50 हजारांश इंच उचलला गेल्यापासून मोजलं, तर साध्या 350 चा कॅम इनटेक व्हॉल्व्ह सुमारे 195 अंश उघडा ठेवत असे आणि एलटी-1 चा 242 अंश. पण त्या कॅमसोबत 11:1 कॉम्प्रेशन होतं, आणि कॉर्व्हेटमध्ये हे इंजिन फक्त फोर-स्पीड मॅन्युअल गिअरबॉक्ससह मिळत असे. 1971 मध्ये कमी शिशाच्या पेट्रोलसाठी कंपनीने कॉम्प्रेशन 9:1 वर आणलं आणि त्याच एलटी-1 चा आकडा 330 वर आला. 1972 मध्ये तो 255 झाला, पण ती घट बरीचशी मोजणीच्या पद्धतीतली होती. आधी पंखा, एअर क्लीनर, सायलेन्सर न लावता टेबलावर मोजत, आता सगळा सरंजाम लावून मोजू लागले. जुन्या माहितीपत्रकांतले आकडे समोर ठेवून आजच्या इंजिनाकडून अपेक्षा धरणाऱ्यांनी हा फरक विसरू नये.

कॅम आणि कॉम्प्रेशन यांचं नातं एवढं घट्ट का, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळा युक्तिवाद त्यावरच उभा आहे. पिस्टन खाली जाऊन पुन्हा वर यायला लागतो तेव्हाही इनटेक व्हॉल्व्ह काही अंश उघडाच असतो. वेग जास्त असेल तर आत येणाऱ्या मिश्रणाला इतका जोर असतो की वर येणाऱ्या पिस्टनला न जुमानता ते सिलिंडर भरत राहतं, आणि ताकद वाढते. वेग कमी असेल तर तो जोर नसतो. मग पिस्टन आत आलेलं मिश्रण इनटेक मॅनिफोल्डमध्ये परत ढकलतो. मोठा कॅम व्हॉल्व्ह आणखी उशिरा बंद करतो, म्हणजे कमी वेगात परत जाणारं मिश्रणही वाढतं. कागदावरचं कॉम्प्रेशन काहीही असो, सिलिंडरमध्ये दाबलं जातं ते उरलेलंच. मुळात कॉम्प्रेशन भरपूर असेल तर ही गळती झेपते. ते कमी असेल तर 3000 फेऱ्यांच्या खाली इंजिनात जीवच राहत नाही.

आणि कॉम्प्रेशन कमी निघतं, हीच खरी मेख आहे. जुना ब्लॉक सहसा 30 हजारांश इंच बोअर करतात. 4.030 इंच बोअर आणि 3.48 इंच स्ट्रोक धरला तर एका सिलिंडरचं आकारमान सुमारे 727 सीसी येतं. इंजिन दुरुस्तीसाठी मिळणारे कित्येक स्वस्त पिस्टन मूळ पिस्टनपेक्षा 20 हजारांश इंच बुटके केलेले असतात. त्यामुळे मूळ पिस्टन ब्लॉकच्या माथ्यापासून 25 हजारांश इंच खाली थांबतो, तर हा बुटका 45 हजारांश. त्यावर 41 हजारांश जाडीचं नेहमीचं हेड गॅस्केट बसवा. पिस्टनवरच्या व्हॉल्व्हसाठी कोरलेल्या खाचा 6 सीसी धरा. खोक्यावरचं गुणोत्तर बहुधा 64 सीसीच्या हेडसाठी असतं आणि त्या हिशेबाने 9.2:1 येतं. पण 1971 नंतरच्या बऱ्याच 350 ना 76 सीसीची हेड आहेत. ती लावली की तेच गुणोत्तर 8.25:1 होतं. शिवाय पिस्टन आणि हेडमधली फट 86 हजारांश इंच होते. 40 हजारांशच्या आसपास ती असेल तर मिश्रण नीट घुसळून जळतं. एवढी मोठी झाली तर कॉम्प्रेशन कमी असूनही इंजिन ठोकण्याची शक्यता वाढते. आता त्याच ब्लॉकवर, त्याच 76 सीसीच्या हेडखाली मूळ उंचीचे पिस्टन आणि 15 हजारांश इंचाचं पोलादी पत्र्याचं गॅस्केट घालून हिशेब करा. कॉम्प्रेशन 9.04:1 येतं आणि फट नेमकी 40 हजारांश. पातळ पत्र्याला हेड आणि ब्लॉक दोन्ही सपाट हवेत, तेवढी तपासणी मात्र करून घ्यावी लागते. खर्चातला फरक मामुली, पण हातात येणारं इंजिन वेगळं.

हे मोजायला महागडी साधनं लागत नाहीत. हेड उलटं करून ओट्यावर ठेवायचं, व्हॉल्व्ह आणि स्पार्क प्लग बसवलेले हवेत. ज्वलनकक्षाच्या कडेला ग्रीसचा पातळ थर लावून त्यावर छोटं छिद्र असलेली अ‍ॅक्रिलिकची पट्टी दाबायची आणि हेड किंचित तिरपं करायचं, म्हणजे हवा छिद्रातून बाहेर पडते. ब्युरेटमधून रंगीत स्पिरिट सोडत जायचं. शेवटचा बुडबुडा निघून गेला की ब्युरेटवरचा आकडा वाचायचा. तोच त्या कक्षाचा खरा सीसी. आठही कक्षांचं असं करायचं, कारण पूर्वी कुणी हेड घासून घेतलं असेल तर पुस्तकातला आकडा चुकीचा ठरतो. पिस्टन किती खाली थांबतो ते डायल गेजने कळतं. ज्या मशीन शॉपला हे आकडे लिहून द्यायचा कंटाळा असेल, तिथे ब्लॉक देऊ नये.

आता रस्त्याचा हिशेब. साडेसव्वीस इंच व्यासाचं चाक, 3.08 चा एक्सल आणि थेट वरचा गिअर असेल तर ताशी 70 मैलांना इंजिन मिनिटाला 2,700 च्या जरा वर फिरतं. शहरात तर 2,000 च्या आसपासच. ज्या कॅमचं काम 2,500 ला सुरू होतं, त्याला अशा गाडीत आयुष्यभर आपला पट्टा सापडत नाही. एक्सल बदलू, असं उत्तर येतं. जरूर बदला, पण 4.10 लावलात तर त्याच 70 मैलांना 3,600 फेऱ्या होतात. मग आवाज आणि पेट्रोल सोसायचं, नाहीतर ओव्हरड्राइव्हचा गिअरबॉक्स घ्यायचा, शिवाय ऑटोमॅटिक असेल तर टॉर्क कन्व्हर्टरही बदलायचा. हे सगळं ज्याने आधीच ठरवलंय, त्याच्याशी माझा वाद नाही. तो वेगळी गाडी बांधतोय. ब्रेकचं मात्र कुणी हलक्यात घेऊ नये. पॉवर ब्रेकचा बूस्टर इंजिनाच्या निर्वातावर चालतो आणि मोठ्या कॅमने आयडलिंगला तो निर्वात घटतो. पेडल कडक होतं तेव्हा पुढे उतार असू शकतो.

मग आवाजाचं काय? मसल कार मसल कारसारखी वाजलीच पाहिजे, हा आग्रह मला चुकीचा वाटत नाही. पण 9:1 च्या आसपास कॉम्प्रेशन असलेल्या 350 ला 50 हजारांशवर 210 ते 220 अंशांचा कॅम पुरेसा आवाज देतो आणि सिग्नल सुटताना गाडी खेचतोही. ट्रॅकबाहेर ताकद कळते ती याच खेचण्यातून. कार्ब्युरेटरलाही हेच लागू होतं. बोअर केल्यावर 350 चे होणारे 355 घन इंच 5,500 फेऱ्यांना पूर्ण भरले तरी मिनिटाला सुमारे 565 घनफूट हवा लागते, म्हणून 600 चा कार्ब्युरेटर भरपूर झाला.

सपाट टॅपेटचा जुन्या पद्धतीचा कॅम घेत असाल तर आणखी एक काळजी आहे. आजच्या पेट्रोल गाड्यांच्या ऑइलमध्ये जस्त-फॉस्फरसचं प्रमाण कमी केलेलं आहे, कारण ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला घातक ठरतं. पण टॅपेट आणि कॅमच्या घर्षणात त्याचाच थर धातू वाचवतो. जुने टॅपेट नव्या कॅमवर कधीही घालू नयेत. इंजिन सुरू होताच आयडलिंगला न सोडता सुमारे 20 मिनिटं 2,000 ते 2,500 फेऱ्यांवर फिरवावं आणि जस्त असलेलं ऑइलच वापरावं. हे चुकलं तर कॅमचा एखादा उंचवटा गोल होतो आणि त्याचा किस ऑइलबरोबर नव्या बेअरिंगमध्ये जातो.

ब्लॉक मशीन शॉपमध्ये देताना एक सूचना लेखी द्या. उजव्या बाजूच्या हेडच्या पुढे ब्लॉकच्या माथ्यावर एक छोटा सपाट भाग असतो. इंजिनाचा क्रमांक तिथे ठोकलेला असतो, आणि 1968 पासून गाडीच्या क्रमांकाचे आकडेही. माथा मशीनवर घासला की तो कायमचा जातो, आणि इंजिन मूळ गाडीचंच असल्याचा पुरावाही त्याबरोबर जातो. पोलादी पत्र्याच्या गॅस्केटने फट जमत असेल तर माथा घासायची गरजच पडत नाही. तो क्रमांक जपा, हेडचे सीसी मोजा, आणि कॅमशाफ्टची ऑर्डर त्यानंतरच द्या.