शेंडेनक्षत्र आणि बेथलेहेमचा तारा



गव्हाणीवर आपण जो कागदी तारा लावतो त्याला पुष्कळ घरी शेपटी असते. संत मत्तयच्या शुभवर्तमानात (२:१-१२) मात्र शेपटीचा उल्लेख नाही. इ.स. १३०१ मध्ये हॅलेचा धूमकेतू दिसला. त्यानंतर थोड्याच वर्षांनी इटलीत पादुआ येथील एका चॅपेलच्या भिंतीवर जोत्तो या चित्रकाराने मागी लोकांचे चित्र काढले आणि गोठ्यावर चक्क धूमकेतू रंगविला. चित्र सुंदर आहे, पण तो इतिहास नव्हे. जोत्तोच्या आधीच संत थॉमस अक्वायनस यांनी लिहून ठेवले होते की, धूमकेतू दिवसा दिसत नाही व आपली नेहमीची वाट बदलत नाही, म्हणून बेथलेहेमचा तारा धूमकेतू नसावा. आजचा हिशेबही तेच सांगतो. हॅलेचा धूमकेतू इ.स.पूर्व १२ मध्ये येऊन गेला. येशूचा जन्म बहुतेक विद्वान इ.स.पूर्व ६ ते ४ च्या सुमारास धरतात.

आपल्या खेड्यांत धूमकेतूला शेंडेनक्षत्र म्हणतात. ते दिसले की राजाला मरण, मुलखाला दुष्काळ, अशी जुनी समजूत. ऑक्टोबर २०२४ मध्ये सूर्यास्तानंतर पश्चिमेला असा एक धूमकेतू दिसत होता, तेव्हा साखरपुडा पुढे ढकलावा काय असे आम्हाला विचारणारे आपल्याच लोकांत निघाले! त्यांना आम्ही यिर्मया १०:२ वाचायला सांगितले. आकाशातील चिन्हांना घाबरू नका, असेच संदेष्टा तेथे सांगतो.

मग धूमकेतू म्हणजे काय? बर्फ, गोठलेले वायू आणि धूळ यांचा गोळा. हॅलेचा गोळा सुमारे १५ किलोमीटर लांब आणि कोळशासारखा काळा आहे. १९८६ मध्ये युरोपचे एक यान त्याच्या जवळून गेले. त्या यानाचे नावही 'जोत्तो'च ठेवले होते. सूर्याजवळ आल्यावर बर्फाची वाफ होते आणि शेपटी फुटते. आगगाडीच्या धुरासारखी ती मागे राहते असे आपल्याला वाटते, पण तसे नाही. ती नेहमी सूर्याच्या विरुद्ध बाजूला असते. त्यामुळे परतीच्या वाटेवर धूमकेतू पुढे शेपटी करून चालतो. काही धूमकेतू नेपच्यूनपलीकडच्या पट्ट्यातून येतात, तर काही त्याहूनही कितीतरी दूरच्या थंड प्रदेशातून. सूर्यमाला तयार होताना उरलेला हा माल आहे, सुमारे साडेचार अब्ज वर्षांचा.

एडमंड हॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने १५३१, १६०७ आणि १६८२ च्या नोंदी ताडून पाहिल्या व तिन्ही वेळचा पाहुणा एकच असल्याचे १७०५ मध्ये सांगितले. तो १७५८ च्या सुमारास परत येईल, असे त्याचे गणित होते. हॅले १७४२ मध्ये वारला. धूमकेतू प्रथम दिसला तो २५ डिसेंबर १७५८ रोजी, नाताळच्या रात्री. पाहणारा कोण? जर्मनीत ड्रेस्डेनजवळ राहणारा पालिच नावाचा शेतकरी. दिवसा नांगर, रात्री दुर्बीण! ज्याचे येणे इतके आधी मोजता येते, तो आपल्या सोयाबीनवर वा सोयरिकीवर राग कशाला धरील? आणि माणसाची इच्छा स्वतंत्र आहे. तिच्यावर ताऱ्यांची हुकमत नाही, हे ख्रिस्तसभेचे जुने शिक्षण आहे.

औंढा नागनाथजवळच्या 'लिगो-इंडिया' प्रकल्पाला एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तेथून धूमकेतू दिसतील असे मुलांना वाटते, पण ती दुर्बीण नाही. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांत लेझर सोडून, फार दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीने उठणारे सूक्ष्म तरंग तेथे टिपायचे आहेत. आपल्या मुलामुलींनी तेथे कामाला जावे, अशी आमची फार इच्छा आहे.

हॅलेचा धूमकेतू डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या वाटेच्या दूरच्या टोकाला वळून परत निघाला आहे. तो २०६१ मध्ये सूर्याजवळ येईल. यंदा बाप्तिस्मा झालेली बाळे तेव्हा पस्तिशीच्या आसपास असतील.