छोटा ट्रॅक्टर वारंवार बंद पडतो तेव्हा : कारणे, काळजी आणि नोंदवही

पावसाने उघडीप दिल्यानंतर द्राक्षबागेत केवडा रोगासाठी फवारणी करण्यास काही तासांचाच अवधी मिळतो. नेमक्या त्या वेळी ट्रॅक्टर सुरू झाला नाही, तर खरे नुकसान दुरुस्तीच्या बिलात नव्हे, घडांवर दिसते. बंगळुरू ग्रामीण व चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यांतील ‘बेंगलोर ब्ल्यू’ द्राक्षांचे मांडव असोत की नाशिक-सांगलीच्या बागा, ओळींमधून सहज फिरणारा १५ ते २५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर बागायतदाराचा मोठा आधार असतो. म्हणूनच ‘कर्जाचा हप्ता चालू आणि ट्रॅक्टर उभा’ ही स्थिती त्याला असह्य होते. दोष यंत्रात आहे, वापरात आहे की सेवेत, हे ओळखण्याची पद्धत या पाठात दिली आहे.

१. शक्ती व अवजार यांचा मेळ

इंजिनाची सर्व शक्ती पीटीओपर्यंत पोहोचत नाही. साधारण १८ अश्वशक्तीच्या इंजिनाकडून पीटीओवर सुमारे १५ अश्वशक्ती मिळते. एवढ्या शक्तीला ८० ते १०० सेंटिमीटर रुंदीचा रोटाव्हेटर पुरेसा ठरतो. मोठ्या ट्रॅक्टरचा पाच फुटी रोटाव्हेटर मागून आणून जोडल्यास इंजिन दबते, तापते आणि क्लच घसरू लागतो. मोठ्या ट्रॅक्टरजवळ असणारी राखीव ताकद छोट्याजवळ नसते. काम करताना इंजिनाचे फेरे सतत पडत असतील, तर प्रथम खोली कमी करावी आणि खालचा गिअर घ्यावा.

२. उष्णता व धूळ

बागेतील वाळलेली पाने, गवताचा भुसा आणि फवाऱ्याचे तुषार रेडिएटरच्या जाळीत अडकतात व त्यांवर लाल मातीचा थर बसतो. ट्रॅक्टर तापण्याचे हे नेहमीचे कारण होय. जाळी रोज स्वच्छ करावी. पंख्याचा पट्टा सैल नाही ना, हे इंजिन बंद असताना अंगठ्याने दाबून पाहावे. गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. धुळीच्या कामात एअर फिल्टरची तपासणी दररोज करावी.

३. डिझेल व बॅटरी

उघड्या डब्यातून भरलेल्या डिझेलबरोबर पाणी व कचरा टाकीत जातो. डिझेल गाळून घ्यावे आणि टाकी संध्याकाळी भरून ठेवावी, म्हणजे रात्रीच्या गारव्यात आत बाष्प साचत नाही. स्टार्टर फिरत नसेल, तर नवी बॅटरी घेण्यापूर्वी तिच्या टोकांवरील पांढरा थर आणि चेसिसला जोडलेली तार तपासावी. अनेक ट्रॅक्टरांत क्लच दाबल्याशिवाय किंवा पीटीओ बंद केल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही. ही सुरक्षेची सोय आहे, बिघाड नव्हे.

४. धुराचा रंग

• काळा धूर : हवा अपुरी किंवा भार जास्त.
• निळा धूर : इंजिनात ऑइल जळत आहे.
• इंजिन तापल्यानंतरही पांढरा धूर : डिझेल नीट जळत नाही किंवा ज्वलनकक्षात पाणी शिरत आहे.

५. नोंदवही

वरील सर्व काळजी घेऊनही तोच बिघाड पुन्हा होत असेल, तर संशय यंत्रावर किंवा दुरुस्तीवर घेणे रास्त ठरते. मात्र ‘सारखा बंद पडतो’ एवढे सांगून उपयोग होत नाही. प्रत्येक बिघाडाच्या वेळी तारीख, अवर मीटरवरील आकडा, जोडलेले अवजार, दिसलेले लक्षण, तक्रार केल्याची वेळ, मेकॅनिक आल्याची वेळ आणि बदललेला भाग या सात गोष्टी लिहाव्यात. जॉबकार्ड व बिले जपून ठेवावीत. मोफत सेवा पुस्तिकेत दिलेल्या तासांवरच करून घ्यावी. ती चुकल्यास हमीचा दावा दुबळा होतो.

६. दोष यंत्राचाच असल्यास

प्रथम विक्रेता व उत्पादक या दोघांकडे लेखी तक्रार करावी व पोच घ्यावी. दाद न मिळाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे जाता येते. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून वापरलेली वस्तू या कायद्यात व्यापारी वापराची मानली जात नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. वस्तूसाठी दिलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

७. खरेदीपूर्वी

मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था ट्रॅक्टरांच्या चाचण्या घेते. चाचणी अहवालातील पीटीओ शक्ती, डिझेलचा वापर व उचल क्षमता हे आकडे जाहिरातीतील अश्वशक्तीपेक्षा अधिक उपयोगी असतात. याबरोबरच दोन प्रश्न अवश्य विचारावेत : जवळचे सेवा केंद्र किती अंतरावर आहे आणि फिल्टर, पट्टा व क्लचप्लेट तेथे शिल्लक असतात का? स्वस्त मिळालेला ट्रॅक्टर सुट्या भागासाठी आठवडाभर थांबला, तर तो महागच पडतो.

विस्तार कार्यकर्त्यांनी पुढील शेतकरी बैठकीत ट्रॅक्टर बागेत उभा करून रेडिएटर, फिल्टर व बॅटरी यांची तपासणी प्रत्यक्ष दाखवावी आणि नोंदवहीचे पहिले पान तेथेच भरून घ्यावे. चूक आपली असेल तर ही वही ती सुधारते. यंत्राची असेल तर तीच आपली साक्षीदार ठरते.