नाव फातिमाच ठेव, आणि तिला खरं तेवढंच सांग

नाशिक

चि. रुकय्या हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तू आणि लेक दोघी सुखरूप आहात हे वाचून जीव भांड्यात पडला. बाळाच्या नावावरून घरात एकमत होत नाही म्हणतेस. सासूबाईंना फातिमा हवंय. तुझ्या यजमानांना ते जुनाट वाटतं, त्यांना दोन अक्षरी, नव्या वळणाचं काहीतरी हवंय. आणि तुझ्या मनात निराळीच धास्ती आहे. पुण्यात घर शोधताना फोनवर नाव सांगितलं की समोरचा आवाज कसा पालटतो ते तू अनुभवलं आहेस, म्हणून ज्या नावावरून काहीच ओळखू येणार नाही असं नाव शोधावं का, असं तू मला विचारतेस.

माझं उत्तर आधीच सांगते. नाव फातिमाच ठेव. जन्मभर मुलींना शिकवत आले, त्या अधिकाराने लिहिते आहे. पण मी म्हणते म्हणून ऐकू नकोस. का म्हणते ते वाच आणि मग तुझं तू ठरव.

जुनाट म्हणतात त्या नावाकडे आधी नीट बघू. अरबीत ज्या धातूपासून हा शब्द आला, त्याचा अर्थ अंगावरचं दूध तोडणं. म्हणजे फातिमा ही दूध सोडवणारी. लेकराला दूध सोडवणं हे आईचं कठीण काम असतं. त्याला स्वतःच्या पायावर उभं करायचं तर माया आवरावी लागते. पण हे नाव जगभर गेलं ते अर्थापेक्षा त्या नावाच्या पहिल्या थोर बाईमुळे. पैगंबरांची ही धाकटी लेक. तुझं स्वतःचं नाव तिच्याच बहिणीचं, हे तुला ठाऊक आहेच. आई खदीजा मक्केतली मोठी व्यापारी होती, तरी फातिमेचा संसार ओढगस्तीचा. जातं ओढून तिच्या हातांना घट्टे पडले. कामाला एखादं माणूस मिळावं म्हणून ती वडिलांकडे गेली, तेव्हा त्यांनी तिला झोपण्याआधी म्हणायचा जप दिला : सुब्हानल्लाह ३३ वेळा, अल्हम्दुलिल्लाह ३३ वेळा, अल्लाहू अकबर ३४ वेळा. तुझी आजी नमाजानंतर मणी ओढताना जी तस्बीह म्हणायची ती हीच, तिला तस्बीह-ए-फातिमा म्हणतात. पहाटे जात्यावर बसून ओव्या गाणाऱ्या आमच्या आज्यांना ही बाई अगदी शेजारची वाटली असती. वडिलांच्या पाठोपाठ काही महिन्यांतच, सन ६३२ मध्ये, ती गेली. हसन आणि हुसेन हे तिचे मुलगे. आपल्याकडे मोहरमात ताबूत निघतात आणि गावोगावचे हिंदूही त्यांत खांदा देतात, तो शोक तिच्याच लेकाचा, हुसेनचा असतो.

पुढे या नावाने केवढा प्रवास केला बघ. तिच्या वंशाचे म्हणवणाऱ्या घराण्याने सन ९०९ मध्ये उत्तर आफ्रिकेत राज्य उभारलं, ते फातिमी. कैरो शहर त्यांनीच ९६९ मध्ये वसवलं. नाशकातल्या बोहरा मंडळींची धर्मपरंपरा त्याच फातिमी इमामांशी जोडलेली आहे. मोरोक्कोतल्या फेज शहरात ८५९ साली फातिमा अल-फिहरी नावाच्या बाईने वारशाचा पैसा घालून मशीद बांधली, असं परंपरा सांगते. त्या करावीयिन मशिदीभोवती विद्यापीठ वाढलं आणि ते आजही चालू आहे. तुर्कस्तानात फातमा, इराणात फातेमे, पश्चिम आफ्रिकेत फातू आणि फातूमाता, सोमालियात फादुमो : प्रत्येक मुलखाने आपल्या जिभेप्रमाणे हे नाव वळवून घेतलं. आपल्या खेड्यांतून ते फातमाबी झालं. मालेगावच्या मुलींच्या शाळांत हजेरी घेताना नूर फातिमा, सना फातिमा अशी जोडनावं ऐकू येतात. जुनं नाव नव्या नावाच्या पाठीशी उभं करायची ही रीत मला आवडते. तुझ्या यजमानांना नवं काही हवंच असेल तर तीही वाट मोकळी आहे.

आणि हे नाव केवळ मुसलमानांचं राहिलं असंही नाही. पोर्तुगालमध्ये अरबांचं राज्य होतं त्या काळाची खूण म्हणून एका खेड्याचं नाव फातिमा राहिलं. १९१७ साली मे ते ऑक्टोबर तिथल्या तीन मेंढपाळ मुलांना मेरीमातेचं दर्शन झालं, अशी ख्रिस्ती भाविकांची श्रद्धा आहे. तेव्हापासून मेरीमातेलाच फातिमामाता म्हणू लागले. म्हणून गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत फातिमा नावाच्या मुली भेटतात, मडगावात फातिमा कॉन्व्हेंट आहे आणि आपल्या अंबरनाथलाही फातिमा हायस्कूल आहे. ज्या नावावरून लोक माणसाचा जात-धर्म ओळखल्याच्या खात्रीने दार लावून घेतात, ते नाव दोन धर्मांच्या देव्हाऱ्यांत आहे. दार लावणाऱ्यांना हे माहीत नसतं. तुझ्या लेकीला माहीत असलं पाहिजे.

आता आपल्या भूमीतल्या फातिमांकडे ये.

दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे. १९१३ मध्ये त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा पडद्यावर यायला एकही बाई तयार होईना, म्हणून तारामतीचं काम साळुंके नावाच्या पुरुषाने केलं. त्यानंतर तेरा वर्षांनी, १९२६ मध्ये, मुंबईत फातमा बेगम यांनी 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला. भारतातली पहिली स्त्री-दिग्दर्शक ती हीच. तिने स्वतःची चित्रसंस्थाही काढली. १९३१ मध्ये पहिला बोलपट 'आलम आरा' गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला, त्याची नायिका झुबेदा ही तिचीच मुलगी.

औरंगाबादेत फातमा झकेरिया होत्या. मुंबईच्या इंग्रजी पत्रकारितेत नाव कमावून त्या मराठवाड्यात शिक्षणाच्या कामाला लागल्या आणि मौलाना आझाद शिक्षण संस्थेचा व्याप त्यांनी सांभाळला. २००६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिकडे केरळच्या फातिमा बीवी ६ ऑक्टोबर १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयात बसल्या. त्या न्यायासनावर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री.

या सगळ्यांच्या आधीची एक फातिमा पुण्याचीच. तू आज ज्या शहरात राहतेस तिथे सावित्रीबाई फुले यांच्या शाळांत ती त्यांच्याबरोबर काम करत होती, असं मानतात. तिच्याविषयी थोडं सविस्तर लिहिते, कारण माझा खरा सांगावा इथेच आहे.

१० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाईंनी माहेरच्या नायगावाहून जोतीरावांना पत्र लिहिलं. आजारपणामुळे त्या तिथे होत्या. आपण पुण्यात नाही म्हणून फातिमेला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा भरवसा त्या पत्रात त्यांनी व्यक्त केला आहे. बस, एवढंच. आडनाव नाही, वय नाही, गाव नाही. आज तिला फातिमा शेख म्हणतात, उस्मान शेख यांची बहीण म्हणतात, ९ जानेवारी ही तिची जन्मतारीख म्हणून साजरी होते. त्या तारखेला त्या काळच्या कागदाचा आधार नाही. कुणी तिच्या शिक्षणाची, कुणी तिच्या शाळांची सविस्तर हकीकत रचतं. आणि मग जानेवारी २०२५ मध्ये ही बाईच झाली नाही, ती अलीकडे रचली गेली, असंही कुणी जाहीर केलं. सावित्रीबाईंचं समग्र वाङ्मय राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ मध्येच छापलं, त्यात हे पत्र आहे. ते वाचणाऱ्याला असल्या बोलण्याने डगमगायचं कारण नाही.

पण रुकय्या, यातून शिकायचं ते हे. ज्यांनी तिच्यावर प्रेमापोटी नसलेल्या तारखा आणि हकीकती लादल्या, त्यांनीच तिला खोटं ठरवू पाहणाऱ्यांच्या हाती कोलीत दिलं. भर घातलेली एक गोष्ट उघडी पडली की लोक खऱ्या गोष्टीवरही शंका घेतात. आणि खरी गोष्ट केवढी मोठी आहे! मुलींना शिकवणाऱ्या बाईवर शेण-दगड पडायचे त्या काळात सोबतीण आजारी असताना ती पाठीशी उभी राहिली, आणि जिने आयुष्यभर माणसं पारखली त्या सावित्रीबाईंना तिच्याविषयी खात्री होती. अशी साक्ष मिळालेल्या बाईला आणखी दागिने कशाला? तुझ्या मुलीला ही फातिमा सांगशील तेव्हा एवढंच सांग. एवढं पुरेसं आहे.

आता तुझी घराची धास्ती. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. तू अपमान सोसला आहेस, आणि तुझ्या मुलीलाही कधी सोसावा लागेल. पण न ओळखू येणारं नाव दिलंस तर काय होईल ते बघ. दार लावणारा आडनाव विचारेल, वडिलांचं नाव विचारेल, आणि मुलीला कळेल की आपल्या आईने आपलं नाव ठेवताना त्या माणसाचा विचार केला होता. ज्याची चूक आहे त्याने सुधारायचं असतं. त्यासाठी लेकीने आपली ओळख झाकायची नसते. अन्याय झाला तर चार माणसं घेऊन भांडावं, ओळखीच्यांनी शब्द टाकावा, गरज पडली तर तक्रार करावी. मी अजून आहे, माझे पुण्यातले विद्यार्थी आहेत. घरासाठी शब्द टाकायची वेळ आली तर मला कळव.

व्यवहाराच्या चार गोष्टी. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत महापालिकेत करून घे. नाव तेव्हाच ठरलं नाही तरी अडत नाही, वर्षभरात विनाशुल्क घालता येतं. तेव्हा सातव्या दिवशी अकीका झाला की घरातल्या घाईत दाखल्यावर काहीतरी लिहून मोकळे होऊ नका. फातिमा, फातेमा, फातमा यांतलं एक रूप निवडा आणि जन्मदाखला, आधार, शाळा, पासपोर्ट सगळीकडे तेच अक्षरशः ठेवा, मराठीतही आणि इंग्रजीतही. एका वेलांटीपायी मुलींना दहावीच्या वेळी प्रतिज्ञापत्रं करत फिरताना मी पाहिलं आहे. आणि घरात तिला लाडाने काहीही म्हणा, पण बाहेर पूर्ण नावाने हाक मारा. पूर्ण नावाने हाक मारलेली मुलं आपलं नाव मोठ्याने सांगायला लवकर शिकतात.

यजमानांना हे पत्र वाचायला दे. ते समंजस आहेत. नाव जुनं आहे हे त्यांचं म्हणणं खरं आहे, पण जुनं म्हणजे पुष्कळांनी वापरून, कामाने उजळून पुढे दिलेलं. तुमच्या लेकीवर त्या नावाचं ओझं टाकू नका. तिने न्यायाधीश व्हावं, शाळा काढावी, सिनेमा करावा असं काही तिच्या माथी मारू नका. तिला फक्त तिच्याआधीच्या फातिमांची खरी हकीकत सांगा, तिला भरपूर शिकवा, आणि तिच्या नावाला कुणी नाक मुरडलं तर तिच्या शेजारी उभे राहा. बाकी तिचं ती करील.

सासूबाईंना माझा सलाम सांग. बाळीला अनेक आशीर्वाद. तब्येतीला जप, डिंकाचे लाडू पाठवते आहे.

तुझ्या
बाई